पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या

गणपती तोंडावर आले आहेत. मंडळांच्या बैठका सुरू झाल्या, पावतीपुस्तकं छापून आली, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कार्यक्रमपत्रिकाही छापायला जातील. संगीतखुर्ची, पाककला आणि वेशभूषेच्या जोडीला त्यात ‘लहान मुलांसाठी चित्रकला स्पर्धा’ असणारच. पत्रिका एकदा छापून आली की कुणाचं काही चालत नाही, म्हणून हे आवाहन आत्ताच करते आहे. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, बालवाडीच्या ताईंनो, आईबाबांनो, आजीआजोबांनो, तीन ते आठ वर्षांच्या मुलांकडून चित्रकलेच्या नावाखाली आपण जे करून घेतो ते यंदा थांबवू या. त्यांना चित्र काढू द्या. त्यांच्या हातानं आणि त्यांना सुचेल तसं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. पाचवीच्या नव्या तुकडीपुढे पहिल्या तासाला कोरा कागद ठेवून ‘तुम्हाला हवं ते काढा’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून ठरलेलं वाक्य येतं, ‘बाई, मला चित्र येत नाही.’ बोलणारं मूल दहा वर्षांचं असतं. हेच मूल अडीच-तीन वर्षांचं असताना कुणी न सांगता भिंतीवर, फरशीवर, वर्तमानपत्राच्या समासात आणि धूळ बसलेल्या गाडीच्या काचेवर रेघा ओढत होतं. तेव्हा त्याला चित्र येत होतं. मधल्या सात वर्षांत आपण मोठ्यांनी ते घालवलं. यात दुष्टावा कुणाचाच नाही. जे केलं ते प्रेमापोटी, मूल मागे पडू नये म्हणूनच केलं. पण आज चार वर्षांचं असलेलं मूल पुढच्या गणपतीत चार वर्षांचं राहणार नाही, त्यामुळे ‘यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणण्याची सोय इथे नाही.

मंडपातली स्पर्धा कशी चालते ते आठवून पाहा. सतरंजीवर मुलं ओळीनं बसलेली. मांडीवर रायटिंग पॅड, त्याच्या चिमट्यात एक छोटा कागद, पुढ्यात तेलखडूंची पेटी. दोरीच्या पलीकडे पालक उभे. घंटा वाजली की पलीकडून खुणा सुरू होतात. ‘आधी आउटलाइन कर.’ ‘खोड ते, वाकडं झालंय.’ ‘बॅकग्राउंड राहिलं बघ.’ मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पहिलीतली एक मुलगी उंदीर काढत बसली होती. कागदाच्या मधोमध, जीभ दातांत धरून, मिशीचा एकेक केस वेगळा. गणपतीचा अजून पत्ता नव्हता. तिच्या मनात तो उंदरानंतर येणार होता. आईचा जीव मात्र वरखाली होत होता. पाच मिनिटं राहिल्याचं माइकवर पुकारलं, तशी ती दोरीखालून वाकून आत आली, खोडरबरानं उंदीर पुसला आणि भराभर सोंड, दोन कान, मुकुट असा गणपती काढून दिला. ‘आता पटपट रंग भर.’ मुलीनं निमूटपणे भरला. नीट न पुसलेली एक मिशी मुकुटाखालून दिसत राहिली.

त्या आईला मी दोष देत नाही. सगळ्यांचे गणपती पुरे होतील आणि आपल्याच मुलीचा राहील, या धास्तीनं ती आत आली. ती धास्ती स्पर्धेनं तिच्यात भरली होती. अर्ध्या तासात, दिलेल्या विषयावर, सगळ्यांदेखत, नंबर काढण्यासाठी चित्र काढायचं, हे मोठ्या माणसाला जड जातं. सहा वर्षांच्या मुलीसाठी आपण त्याला गंमतजंमत म्हणतो.

मुलांच्या चित्राची स्वतःची एक वाढ असते. ती ठाऊक नसली की मुलं काहीतरी चुकतायत असंच वाटत राहतं. दीड-दोन वर्षांचं मूल खांद्यापासून हात हलवतं आणि कागदावर रेघोट्या उमटतात. आपण हात हलवला म्हणून तिथे काहीतरी उमटलं, हा त्याला लागलेला शोध असतो, आणि तो पुन्हा पुन्हा तपासून पाहायला ते थकत नाही. मग कोपर, मनगट, बोटं हळूहळू ताब्यात येतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते आणि गोल तयार होतो. पूर्ण मिटलेला गोल काढणं हा त्या वयातला केवढा मोठा पराक्रम आहे, हे मुलाचा चेहरा पाहिला की कळतं. त्या गोलात दोन ठिपके पडले की तो माणूस होतो आणि डोक्यालाच पाय फुटतात. धड नसतं, हातही बहुधा नसतात. आपण लगेच विचारतो, ‘पोट कुठे गेलं याचं?’ पोट यायचं असतं तेव्हा येतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला बालवाडीचं काम करणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली आणि १९६९ मध्ये त्यांच्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. रेघोट्यांतून गोल, गोलातून किरणं फुटलेला सूर्य आणि त्या सूर्यातून माणूस, हा क्रम त्यांना देशोदेशींच्या मुलांत दिसला. तुमच्या घरातलं पिल्लूही त्याच वाटेनं चाललेलं आहे.

चार ते सात या वयातली चित्रं तर जपून ठेवावीत इतकी मोलाची असतात. आजी घराहून उंच असते, कारण आजी महत्त्वाची. गणपतीच्या पोटातले मोदक बाहेरून दिसतात, कारण त्यानं ते खाल्लेत हे मुलाला ठाऊक असतं. पंगतीला बसलेली माणसं चारी दिशांना आडवी पडल्यासारखी दिसतात, कारण प्रत्येक जण ताटासमोर बसला आहे हे दाखवायचं असतं. ज्यॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकानं स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं साठवली आणि १९१३ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं सोपं आहे. मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. या एका वाक्यानं माझी मुलांची चित्रं पाहण्याची पद्धतच बदलली. आता मुलाच्या चित्रात काही ‘चुकीचं’ दिसलं की मी आधी विचार करते, याला या वस्तूबद्दल कोणती गोष्ट ठाऊक आहे जी त्याला सांगायचीच आहे?

आता आपण त्याच्या पुढ्यात काय ठेवतो ते पाहू. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, एक नारळाचं झाड, आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेत जा, ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की हेच चित्र निघतं. लातूरच्या मुलाच्या घरासमोर नारळ नसतो, सोलापूरच्या मुलानं डोंगरातून उतरणारी नदी पाहिलेली नसते, तरी हेच. आणि ते डोंगर तरी कुठले आहेत? टोकदार, त्रिकोणी, एकाला एक चिकटलेले. आपला सह्याद्री तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे, म्हणून त्याचे माथे बहुतेक ठिकाणी सपाट आहेत, कडे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि प्रत्येक थराखाली सावलीची आडवी पट्टी पडते. नाशिक, सातारा, जुन्नरकडच्या मुलाला हे रोज शाळेत जाताना दिसतं. त्याच्या कागदावर मात्र ते येत नाही, कारण कुणीतरी बालवाडीतच डोंगर ‘असा काढायचा असतो’ हे त्याच्या हातात बसवलं. माझ्या वर्गात एकदा एका मुलानं सपाट माथ्याचा डोंगर काढला आणि शेजारच्यानं त्याला सांगितलं, ‘अरे, डोंगर असा नसतो.’ वर्गाच्या खिडकीतून तसलाच डोंगर दिसत होता.

तयार आकृतीत रंग भरण्याचंही हेच आहे. बाजारात रंगभरणाच्या पुस्तकांचे ढीग आहेत, मंडळं तर ‘रंगभरण स्पर्धा’ म्हणून गणपतीची छापील बाह्यरेषाच वाटतात. मोबाइलवर तर बोट टेकवलं की अख्खा हत्ती रंगून मोकळा. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे, व्हिएन्नात त्यांनी अंध मुलांबरोबर कलेचं काम केलं. नाझींमुळे १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि पुढे अमेरिकेत, १९४७ मध्ये, त्यांनी मुलांच्या कलावाढीवर लिहिलेलं पुस्तक जगभरच्या कलाशिक्षकांनी वाचलं. रंगभरणाच्या पुस्तकांना त्यांचा ठाम विरोध होता. स्वतःच्या मनानं पक्षी काढणारं मूल छापील पक्षी गिरवू-रंगवू लागलं की पुढे त्याच्या कागदावर तो छापील पक्षीच येतो आणि त्याचा आधीचा पक्षी हरवतो, हे त्यांनी उदाहरणासकट दाखवलं. माझ्या अनुभवात याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. छापील हत्ती इतका सफाईदार असतो की त्याच्याशेजारी मुलाला स्वतःचा हत्ती लाजिरवाणा वाटू लागतो. पुढच्या वेळी ते आपला हत्ती काढतच नाही. ‘तू काढून दे, मी रंगवतो,’ म्हणतं.

‘पण रंग भरल्यानं बोटांना वळण लागतं ना?’ असं पालक विचारतात. बोटांना वळण लावायला घरात पुष्कळ कामं आहेत. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्याचे साप आणि लाडू करणं, जुनं वर्तमानपत्र टराटरा फाडणं, फुलं ओवणं. यातून हात तयार होतो आणि चित्राला धक्का लागत नाही.

रंगांच्या पेटीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलं एकमेकांकडे ‘स्किन कलर’ मागतात आणि त्यांच्या हातात फिकट गुलाबी, पीचच्या छटेचा खडू पडतो. ज्याचा हात पुढे आलेला असतो त्याची कातडी गव्हाळ, सावळी, काळीभोर असते, आणि तो आपली आई त्या गुलाबी खडूनं रंगवतो. हे मला अस्वस्थ करतं. कुणी त्याला मुद्दाम काही शिकवलेलं नाही, तरी माणसाचा रंग म्हणजे आपला रंग नव्हे, एवढं मात्र तो शिकून बसला आहे. घरी बसून एकदा एवढंच करा. पेटीतला तपकिरी, मातकट, पिवळा, गेरूसारखा, काळा असे सगळे खडू काढा, मुलाचा हात कागदाशेजारी ठेवा आणि त्या रंगापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करा. दोन खडू एकमेकांवर घासले तर काय होतं, तिसरा घासला तर काय होतं. आईचा हात, बाबांचा हात, आजोबांचा हात. एका घरात किती रंगाची माणसं राहतात हे मुलाला पहिल्यांदा दिसेल.

मग मुलाला मदत करायची तरी कशी? त्याला एकटं सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. मदत हवीच आहे, पण ती हाताला नको, डोळ्यांना हवी. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी हे जसं केलं तसं मला अजून कुठल्या प्रशिक्षणात पाहायला मिळालेलं नाही. नातू पाच वर्षांचा. ‘आबा, सायकल काढून दे ना.’ आबांनी पेन्सिल उचललीच नाही. म्हणाले, ‘चल, आधी खाली जाऊन बघून येऊ.’ पार्किंगमध्ये जुनी सायकल उभी होती. आबांनी ती स्टँडवर लावली, नातवाला पायडल हातानं फिरवायला दिलं आणि विचारलं, ‘तू इथे फिरवतोयस, आणि फिरतंय कोणतं चाक रे?’ तो मागे बघायला गेला. मागचं. पुढचं का नाही? मग साखळी सापडली. ती कुठून निघते, कुठे जाते, यावर बोट फिरवून झालं, बोटं काळी झाली. वर येऊन त्यानं जी सायकल काढली तिची चाकं एकसारखी नव्हती, सीट हवेत तरंगत होती, पण साखळी अशी जाडजूड, एकेक कडीसकट, पायडलपासून मागच्या चाकापर्यंत नीट पोहोचलेली होती. कागदावर काळ्या बोटांचे ठसेही होते. आबांनी सायकल काढून दिली असती तर नातवाला एक सायकल मिळाली असती. आता त्याला साखळी मिळाली, आणि बघून काढायचं असतं हेही कळलं.

हाच मार्ग कशालाही लागू पडतो. ‘मला हात काढता येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला म्हणा, जेवताना घास तोंडात जातो तेव्हा हात कुठे दुमडतो ते बघ. कोपर त्याला त्या क्षणी सापडेल. मासा हवा असेल तर बाजारातून आलेला बांगडा शिजवण्याआधी पाच मिनिटं ताटात ठेवा. त्याच्या पाठीवरचे लांबट पट्टे, डोळ्याचा गोल, शेपटीचं दोन बाजूंना फाकणं, हे सगळं मूल बोटानं पाहील. मांजर असेल तर तिची झोपायची पद्धत पाहा. पाहण्यासारखी वस्तू नसेल तर आठवण चालते. ‘आपण जत्रेला गेलो होतो, तेव्हा तुला पाळण्यात बसून काय दिसलं?’ असं विचारलं की कागद भरतो. ‘जत्रेचं चित्र काढ’ म्हटलं तर तो कोरा राहतो.

सामानाला फारसा खर्च येत नाही, आणि महागडी पेटी आणली म्हणून चित्र सुधारत नाही. लहान हाताला जाड खडू द्या. मेणखडू मोडला तर फेकू नका. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर मूठ वळता येत नाही, त्यामुळे तो आपोआप चिमटीत धरला जातो. पालक ज्या पकडीसाठी मुलांच्या मागे लागतात ती अशी फुकटात येते. कागद मोठा हवा. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात मोठा फिरतो, वहीच्या पानात तो मावत नाही. पाठकोरे कागद, खोक्यांचे पुठ्ठे, शिंप्याकडचे ब्राउन पेपरचे तुकडे, काहीही चालतं. शहाबादी फरशी असेल तर खडू घ्या आणि अख्खी खोली मुलाची करा, ओल्या फडक्यानं पुसली की झालं. भिंतीवर फळा किंवा कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावून उभं राहून काढू दिलं तर खांदा आणि मनगट दोन्हीला काम मिळतं. गावाकडे गेरू, कोळसा, हळद आहेच. फक्त खोडरबर पहिली काही वर्षं घरात ठेवू नका. खोडरबर हाताशी असलं की मूल रेघ ओढण्याआधीच तिची चूक शोधू लागतं.

आणि चित्र पूर्ण झाल्यावर आपण काय बोलतो, त्याकडे लक्ष द्या. ‘हे काय काढलंस?’ या प्रश्नानं मुलाला कळतं की आपलं चित्र ओळखू आलं नाही. ‘वा, खूप छान!’ हे प्रत्येक वेळी ऐकलं की तेही बोथट होतं, आणि काही मुलं मग केवळ ‘छान’ ऐकण्यासाठी तेच फूल रोज काढू लागतात. त्यापेक्षा ‘सांग ना मला याच्यातलं’ म्हणा आणि गप्प बसा. किंवा जे दिसतंय तेच बोला, ‘इथे तू खूप जोरात दाबलंयस, आणि इकडे एकदम हलकं.’ मुलं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. ते चित्राच्या मागे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह. बाकी चित्राच्या पुढच्या बाजूला, कोपऱ्यातसुद्धा, आपलं पेन लावू नका.

शिकवूच नये का, असा प्रश्न येईल. शिकवायचं आहे. सातव्या-आठव्या वर्षापासून मुलांना स्वतःलाच वाटू लागतं की आपलं चित्र ‘खरं’ दिसावं. पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते, लांबची माणसं लहान दिसतात, चेहऱ्यावर डोळे सगळ्यात वर नसून साधारण निम्म्यावर असतात, हे त्या वयात सांगितलं तर मुलं अधाशासारखं घेतात. त्या वयात एखादं मूल आवडत्या कार्टूनची नक्कल करत बसलं तर त्याला रागावूही नका. स्वतःच्या हौसेनं केलेल्या नकलेतून हात बरंच काही उचलतो. तुम्हाला स्वतःला चित्र काढावंसं वाटलं तर जरूर काढा, मुलाशेजारी बसून, तुमच्या वेगळ्या कागदावर. पुढे शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांचा अभ्यास त्या वयात जरूर करावा. पण त्या परीक्षांची तयारी पहिलीतच सुरू करून देणारे क्लास निघाले आहेत, त्यांच्यापासून मुलाला लांब ठेवा.

अंगणवाडीच्या आणि बालवाडीच्या ताईंना मी वेगळं विनवते. तुमच्याकडे निधी तुटपुंजा, मुलं जास्त आणि रजिस्टरं त्याहून जास्त, हे ठाऊक आहे. पण आपल्या राज्यात हे काम याहून कठीण परिस्थितीत झालेलं आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी जी बालवाडी चालवली तिची साधनं आसपासच्या बिया, दगड, काड्या, शिंपले यांतून उभी राहिली. वर्ध्याजवळ सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून आले आणि नई तालीमच्या मुलांबरोबर त्यांनी पुढची बरीच वर्षं काम केलं. मुलांनी काय काढावं हे न ठरवता मुलं कशी काढतात ते पाहणारा शिक्षक, असं त्यांच्या लेखनातून दिसतं. तुमच्या भिंतीवर आज छापील सफरचंद आणि विमानाचे तक्ते आहेत. त्यांतला एक उतरवा आणि त्या जागी मुलांची चित्रं लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, सगळ्यांची.

आता मंडळांना. स्पर्धा रद्द करा असं मी म्हणत नाही. मुलांनी मंडपात बसून चित्रं काढावीत, ही फार चांगली प्रथा आहे, ती टिकावी. आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मात्र तिचं नाव यंदा पत्रिकेत ‘चित्रांचा दिवस’ असं छापा आणि नंबर काढू नका. करंडकांना जो खर्च येतो त्यातून मोठे कागद आणि जाड मेणखडू घ्या, ते सगळ्या मुलांत मिळून वापरले जातील आणि उरलेले मुलं घरी नेतील. छापील बाह्यरेषा वाटू नका. विषय द्यायचाच असेल तर ‘पर्यावरण वाचवा’, ‘स्वच्छता’ यांसारखे घोषणांचे विषय लहानांना नकोत, कारण त्यांवरचं चित्र पालकच सांगतात. ‘आमच्याकडे गणपती आला तेव्हा’, ‘मी विसर्जनाला कुणाच्या खांद्यावर बसून गेलो’, ‘मोदक करताना’ असे विषय द्या, प्रत्येक मुलाकडे त्याची स्वतःची गोष्ट आहे. वेळेची घंटा नको. पालकांना दोरीपलीकडे उभं करण्यापेक्षा त्यांच्याही हातात कागद द्या आणि दुसऱ्या सतरंजीवर बसवा. स्वतःला काढायला लागलं की मुलाच्या कागदाकडे कुणी फिरकत नाही. संध्याकाळी आरतीआधी सगळी चित्रं दोरीला चिमट्यांनी लावा, खालच्या बाजूला, मुलांना दिसतील अशी. यातल्या कशालाही परवानगी लागत नाही, देणगीदारही नाराज होत नाहीत. बैठकीत कुणीतरी हे मांडावं लागेल, एवढंच.

आणि माझ्या सहकारी कलाशिक्षकांनो, परीक्षक म्हणून बोलावणी आपल्याकडेच येतात. शाल-श्रीफळ घेऊन सहा वर्षांच्या मुलांचे पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर आपणच काढत आलो आहोत. यंदा फोन आला की आठ वर्षांखालच्या गटाचं परीक्षण करायला नकार द्या, त्यामागचं कारण सांगा, आणि लगेच विचारा की त्या दुपारी मुलांबरोबर सतरंजीवर बसायला येऊ का. बहुतेक मंडळं हो म्हणतील. पत्रिका अजून छापायची आहे, तेवढ्यात हा फोन आपल्याकडून गेला तर अधिक बरं.